गुलमोहर लावावा की शंकासूर? अंगणासाठी निवड, लागवड आणि छाटणी

घराभोवती थोडी मोकळी जमीन हाती आली की लालभडक फुलणारे एखादे झाड आपल्या दारात असावे अशी इच्छा अनेकांना होते, आणि अशा वेळी सर्वांत आधी नाव निघते ते गुलमोहराचे. जवळजवळ त्याच रंगाची आणि त्याच घडणीची फुले देणारा शंकासूर मात्र कुंपणाच्या कडेला कोणीतरी कधीतरी लावून ठेवलेले झुडूप म्हणून दुर्लक्षित राहतो. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे: घराचे बांधकाम वगळून ज्यांच्याकडे दीड-दोन गुंठे सलग मोकळी जमीन नाही, त्यांनी गुलमोहर लावू नये, त्यांनी शंकासूर लावावा आणि तो मन लावून वाढवावा. ज्यांच्याकडे तेवढी जमीन आहे त्यांनी गुलमोहर अवश्य लावावा, परंतु पहिली काही वर्षे त्याला वळण लावण्याची जबाबदारीही घ्यावी. हे मत का बनले आणि दोन्ही झाडे प्रत्यक्षात कशी लावावीत, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

दोन्ही वनस्पती शेंगावर्गीय कुळातील आहेत आणि दोन्ही आपल्याकडे बाहेरून आलेल्या आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागांतील कोरड्या पानगळीच्या जंगलातला. १८२०च्या दशकात वेन्सेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो तेथे पाहिला आणि त्यानंतर जगभरच्या उष्ण प्रदेशांत तो पसरला. शंकासूर अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातला असून बार्बाडोस या देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे. मूळ प्रदेशाची ही माहिती बागेच्या दृष्टीने उपयोगाची आहे, कारण दोघांनाही भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि वर्षातून एक स्पष्ट कोरडा काळ लागतो, आणि या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र मिळतात. विदर्भातील कडक उन्हाळा दोघेही सोसतात. पठारावरील कमी पावसाच्या तालुक्यांतही मुळे एकदा रुजली की त्यांना फारसे पाणी द्यावे लागत नाही. तेव्हा हवामानाच्या आधारे या दोघांत निवड करण्याचा प्रश्न सहसा येत नाही. निवड करावी लागते ती जागेवरून.

जागेचा हिशोब

गुलमोहराची उंची साधारणपणे १० ते १२ मीटर होते, चांगल्या जमिनीत ती १५ मीटरपर्यंतही जाते. परंतु उंचीपेक्षा महत्त्वाचा असतो त्याचा पसारा, कारण हे झाड छत्रीसारखे वाढते आणि त्याचा घेर अनेकदा उंचीइतका किंवा त्याहून मोठा होतो. १२ मीटर व्यासाचा घेर धरला तर त्याखाली सुमारे ११३ चौरस मीटर जमीन झाकली जाते, आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. याचा अर्थ पूर्ण वाढलेला एक गुलमोहर एका गुंठ्याहून जास्त जागेवर आपला हक्क सांगतो. दोन-तीन गुंठ्यांच्या भूखंडावर घर, गाडी उभी करण्याची जागा, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची वाहिनी एवढे सारे असताना हे झाड तेथे बसत नाही. मग त्याच्या फांद्या शेजाऱ्याच्या गच्चीवर, विजेच्या तारांवर किंवा रस्त्यावर जातात आणि दरवर्षी ती कापण्याचा प्रश्न उभा राहतो.

शंकासूर साधारण २ ते ३ मीटर उंच होतो आणि तितकाच, किंवा थोडा कमी, पसरतो. २ मीटर व्यासाचे झुडूप जेमतेम ३ चौरस मीटर जागा घेते. शिवाय छाटणीने त्याला कमरेच्या उंचीवर ठेवता येते, ओळीने लावून त्याचे कुंपण करता येते, किंवा सर्वांत जोमदार फूट तेवढी राखून त्याला एकखोडी लहान झाडाचे रूपही देता येते. गच्चीवर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये किंवा दीड-दोन फूट व्यासाच्या कुंडीतही तो चांगला फुलतो. गुलमोहराच्या बाबतीत यांतले काहीच शक्य नाही, बोनसायची कला अवगत असलेल्यांची गोष्ट वेगळी.

लागवडीपूर्वी एक साधी कृती करावी. जेथे झाड लावायचे आहे तेथे एक खुंटी ठोकून तिला ६ मीटर लांबीची दोरी बांधावी आणि दोरीचे टोक धरून चारी बाजूंनी फिरावे. त्या वर्तुळात भिंत, कुंपण, तार, भूमिगत टाकी किंवा गाडीची वाट येत असेल तर तेथे गुलमोहर लावण्याचा विचार सोडून द्यावा. कागदावरच्या आकड्यांपेक्षा ही फेरी लवकर पटते, कारण रोपवाटिकेतून आणलेले दोन फुटी रोप हातात असताना त्याचा भावी विस्तार डोळ्यांसमोर येत नाही.

मुळे आणि लाकूड

गुलमोहराची मुळे उथळ असतात. वयानुसार ती जमिनीच्या पृष्ठभागावर येतात, खोडाच्या पायथ्याशी त्यांचे जाड पंखे तयार होतात, आणि वाटेतल्या फरश्या, पेव्हर ब्लॉक आणि हलक्या पायाच्या कुंपणभिंती ती सावकाश उचलू लागतात. सांडपाण्याच्या जुन्या वाहिन्यांना कोठे भेग असेल तर तेथून आतही शिरतात. याच उथळ मुळांमुळे झाडाखाली हिरवळ नीट टिकत नाही, कारण वरच्या थरातील ओलावा आणि अन्न झाडच आधी घेते. म्हणून घराच्या भिंतीपासून किमान ८ मीटर आणि शक्य असल्यास १० मीटर अंतर ठेवावे, तर शौचकूप, भूमिगत टाकी आणि विहीर यांच्या जवळपास गुलमोहर लावूच नये.

दुसरी अडचण लाकडाची. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते आणि त्याच्या लांब, आडव्या फांद्यांच्या टोकांना पाने, फुले आणि जड शेंगा यांचा सारा भार येतो. आपल्याकडे या झाडाचा बहर नेमका वळवाच्या पावसाच्या दिवसांत असतो. फांद्या नव्या पालवीने आणि फुलांनी जड झालेल्या असतानाच मे महिन्यातले वादळी वारे सुटतात. मुंबई-पुण्यात पावसाच्या तोंडावर फांद्या मोडल्याच्या आणि झाडे उन्मळल्याच्या ज्या घटना घडतात त्यांत गुलमोहर वारंवार आढळतो याचे कारण हेच आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ यांनी कोकणपट्टीत आणि मुंबईत मोठ्या संख्येने झाडे पाडली. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी घरावर किंवा गाड्यांवर पडू शकेल अशा अंतरावर गुलमोहर लावण्यापूर्वी त्या दिवसांची आठवण ठेवावी.

मात्र झाड कोसळण्याचा सगळा दोष झाडाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. जेथे खोडाला चिकटून काँक्रीट ओतलेले असते, जेथे केबल किंवा जलवाहिनीसाठी चर खोदताना एका बाजूची मुळे सरसकट कापली जातात, तेथे कोणतेही मोठे झाड वाऱ्यापुढे तग धरणार नाही, आणि उथळ मुळांचा गुलमोहर तर सर्वांत आधी जातो. मोकळ्या मैदानात, शाळेच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर, मुळांना चहूबाजूंनी पसरायला मिळाले तर हेच झाड वर्षानुवर्षे डौलाने उभे राहते.

शंकासुराचे झुडूप वाऱ्याने फार तर वाकते किंवा त्याची एखादी फांदी मोडते, आणि छाटणीनंतर ते पुन्हा भरून येते. त्याच्या मुळांनी भिंतीला धोका पोहोचत नाही. भिंतीपासून दीड मीटर अंतर ठेवले की हवा खेळती राहण्यापुरती सोय होते. त्याची एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे काटे. फांद्यांवर लहान, टोकदार काटे असतात, त्यामुळे पायवाटेला किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेला अगदी लागून तो लावू नये. त्याच्या बियाही विषारी आहेत, म्हणून सर्व काही तोंडात घालण्याच्या वयाचे मूल घरात असल्यास शेंगा वाळण्यापूर्वीच खुडून टाकाव्यात. याउलट कुंपणासाठी हेच काटे उपयोगी पडतात.

सावली, पानगळ आणि झाडलोट

गुलमोहर सावलीसाठी लावायचा अशी समजूत सर्वत्र आढळते, पण ती तपासून पाहण्यासारखी आहे. कोरड्या हवेत हे झाड फेब्रुवारीपासून पाने गाळू लागते आणि मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे उन्हाचा चटका वाढत असताना, ते बरेचसे उघडे असते. फुले आणि नवी पालवी आल्यावर मे महिन्याच्या सुमारास सावली परतते आणि पावसाळाभर ती दाट राहते, तेव्हा तिची तितकी गरज नसते. संपूर्ण उन्हाळ्याची सावली हवी असेल तर कडुनिंब किंवा करंज यांचा विचार करावा. गुलमोहर लावावा तो त्याच्या बहरासाठी.

पानगळीच्या काळातील कचऱ्याचाही विचार करावा लागतो. गुलमोहराच्या एका पानात शेकडो बारीक पर्णिका असतात आणि त्या सुट्या होऊन गळतात. झाडूने त्या सहज गोळा होत नाहीत. पन्हाळीत, गच्चीच्या निचऱ्याच्या तोंडाशी आणि उघड्या टाकीत त्या साचतात. शेंगा ३० ते ६० सेंटीमीटर लांब, लाकडासारख्या कठीण असतात आणि महिनोन्‌महिने झाडावर लटकत राहून नंतर खाली पडतात. शंकासुराचा कचरा त्या मानाने नगण्य असतो.

फुलांचा काळ

गुलमोहर एप्रिल ते जून या काळात फुलतो आणि त्या काही आठवड्यांत तो जे दृश्य उभे करतो त्याला खरोखर तोड नाही. सातारकर १ मे या दिवशी गुलमोहर दिन साजरा करतात, इतके या झाडाने तेथील रस्त्यांवर प्रेम मिळवले आहे. पण बियांपासून वाढवलेल्या गुलमोहराला पहिली फुले येण्यासाठी साधारण पाच ते दहा वर्षे थांबावे लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने किंवा पुढच्या काही वर्षांत घराचे बांधकाम वाढवण्याचा बेत असलेल्याने ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी.

शंकासूर बी पेरल्यापासून बहुधा वर्षभरातच फुलू लागतो आणि एकदा सुरुवात झाली की थोडीबहुत फुले बाराही महिने देतो. पठारावर त्याचा मुख्य बहर पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो. कोकणातील संततधारेत फुले झडतात, त्यामुळे तेथे पावसाचा जोर ओसरल्यावरच तो मनासारखा दिसतो. लाल पाकळ्यांना पिवळी किनार असलेला प्रकार सर्वांत प्रचलित आहे, शिवाय पूर्ण पिवळ्या आणि गुलाबी फुलांचे प्रकारही मिळतात. फुलाबाहेर लांबवर आलेले लाल पुंकेसर ही त्याची खूण असून मोठी फुलपाखरे मधासाठी फुलासमोर फडफडतात तेव्हा त्यांच्या पंखांना परागकण चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतात. शिंजीर पक्षीही त्यावर नियमित येतात. खिडकीतून हे सारे डोळ्यांच्या उंचीवर पाहायला मिळते, आणि लहान बागेसाठी शंकासुराची शिफारस करण्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

रोपवाटिकेत रोप ओळखणे

या टप्प्यावर सर्वाधिक गोंधळ होतो, कारण लहानपणी दोघांचीही पाने दुहेरी पिसांसारखी दिसतात आणि काही ठिकाणी शंकासुराला 'लहान गुलमोहर' म्हणूनच विकले जाते. नावावर विसंबून न राहता पान हातात घेऊन पाहावे. गुलमोहराच्या पानाच्या मुख्य देठावर उपदेठांच्या १० ते २० जोड्या असतात आणि प्रत्येक उपदेठावर अगदी बारीक, एक सेंटीमीटरहून लहान पर्णिकांच्या वीस-पंचवीस किंवा अधिक जोड्या असतात. शंकासुराच्या पानात उपदेठांच्या ३ ते ८ जोड्या असतात, प्रत्येकावर पर्णिकांच्या ७ ते ११ जोड्या असतात, आणि पर्णिका एक ते दोन सेंटीमीटर लांब, टोकाशी गोलसर असतात. पुढे गुलमोहराच्या देठाच्या बुडाशी पाहावे. तेथे पिसासारखी चिरलेली लहान उपपर्णे दिसतात. शंकासुराच्या कोवळ्या खोडावर बहुधा काटे लागतात, गुलमोहराला काटे कधीच नसतात.

गुलमोहर म्हणून भलतेच झाड पदरी पडण्याचाही धोका असतो. नीलमोहराची पानेही अशीच विभागलेली असतात, पण ती फांदीवर समोरासमोर येतात, तर गुलमोहराची एकाआड एक येतात. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यावर तांबूस, गंजाच्या रंगाची लव असते. एवढ्या दोन खुणा पाहिल्या की फसगत टळते.

रोप निवडताना उंचीचा मोह धरू नये. पिशवीत फार काळ राहिलेल्या गुलमोहराची मुळे आतल्या आत गोल फिरलेली असतात आणि अशी मुळे जमिनीत गेल्यावरही तशीच वेटोळी राहून पुढे झाड कमकुवत करतात. सरळ, एकच शेंडा असलेले, दोन-तीन फुटांचे आणि पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर न आलेले रोप सर्वांत चांगले.

बियांपासून रोपे

दोन्ही झाडे बियांपासून सहज तयार होतात. अडथळा असतो तो फक्त कठीण कवचाचा. गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा फोडून बिया काढाव्यात, उकळी येऊन गॅसवरून उतरवलेले पाणी थोडे निवू द्यावे आणि ते बियांवर ओतून त्यांना चोवीस तास त्याच पाण्यात राहू द्यावे. ज्या बिया फुगतात त्या लगेच पेराव्यात. ज्या फुगत नाहीत त्यांचे कवच नाभीच्या, म्हणजे बी शेंगेला जोडलेली असते त्या खुणेच्या, विरुद्ध बाजूला कानशीने किंवा नेलकटरने किंचित खरवडून पुन्हा भिजवाव्यात. शंकासुराच्या बियांना गरम पाण्याची गरज सहसा नसते. कवच हलकेच खरवडून रात्रभर साध्या पाण्यात भिजवणे पुरते. एक-दीड सेंटीमीटर खोल पेरून माती ओलसर ठेवली की एक ते तीन आठवड्यांत अंकुर वर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरल्यास पावसाळ्यापर्यंत रोपे लावण्याजोगी होतात.

गुलमोहराची लागवड आणि पहिली वर्षे

एप्रिल-मे महिन्यात सुमारे ९० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. वरच्या थराची चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि जमीन चिकण असल्यास थोडी वाळू मिसळून खड्डा भरावा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर लागवड उंचवट्यावर करावी, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप लावावे. पिशवीतल्या मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच राहील याची काळजी घ्यावी, आणि खोडाचा बुडखा मातीत पुरू नये. शेंगावर्गीय झाड असल्याने ते मातीत नत्र आणील असे गृहीत धरू नये. गुलमोहराच्या मुळांवर नत्राच्या गाठी सहसा होत नाहीत.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा १५ ते २० लिटर पाणी आळ्यात सावकाश सोडावे आणि आळे पालापाचोळ्याने झाकावे. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे पृष्ठभागाशीच रेंगाळतात. तिसऱ्या वर्षानंतर पाणी बंद केले तरी चालते. उलट हिरवळीसोबत रोज पाणी मिळणारा गुलमोहर पाने भरपूर आणि फुले कमी देतो. नत्रयुक्त खतांचाही परिणाम असाच होतो.

यानंतर येते ते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम, ते म्हणजे वळण लावणे. मोकळे सोडलेले रोप कमरेच्या उंचीवरच दोन-तीन जाड फांद्यांत दुभंगते. जेथे दोन सारख्या जाडीच्या फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिंचोळ्या कोनात वर जातात, तेथे सांध्यात साल दबून राहते आणि पंधरा-वीस वर्षांनी वादळात झाड नेमके तेथेच फाटते. म्हणून पहिल्या पाच-सहा वर्षांत एकच मुख्य शेंडा राखावा, त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी बोटाएवढी असतानाच कापावी, आणि खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढत खोड अडीच-तीन मीटरपर्यंत मोकळे करावे. हे काम झाड उघडे असताना, फेब्रुवारीच्या आसपास करावे. फांद्यांची रचना तेव्हा स्पष्ट दिसते. लहान फांदीची जखम लवकर भरते. मोठी फांदी कापल्यावर उरलेल्या रुंद जखमेतून बुरशी शिरते आणि खोड आतून पोखरले जाते, म्हणून पुढे करू म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

शंकासुराची लागवड आणि छाटणी

शंकासुरासाठी ४५ सेंटीमीटरचा खड्डा पुरतो. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी, कारण सावलीत तो लांबट, विरळ आणि फुलांविना राहतो. स्वतंत्र झुडपांत दोन मीटर अंतर ठेवावे आणि कुंपणासाठी एक ते दीड मीटर. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत वरची माती पातळ असल्यास वाफा वीस-तीस सेंटीमीटर उंच करून घ्यावा. कुंडीत दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण चांगले चालते. तळाचे छिद्र मोकळे राहील हे मात्र पाहावे.

रोप दीड फुटाचे झाले की त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. शंकासूर नव्या फुटीवर फुलतो आणि त्याच्या छाटणीचे सारे गणित यावर अवलंबून आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला सर्व फांद्या जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बेधडक कापाव्यात. पहिल्यांदा असे करताना हात कचरतो, पण छाटणी न केलेले झुडूप दोन-तीन वर्षांत खाली उघडे, काटक्यांनी भरलेले आणि वर तेवढे फुललेले असे दिसू लागते, आणि शंकासुराविषयीचे बहुतेक प्रतिकूल मत अशीच झुडपे पाहून झालेले असते. छाटणीनंतर बुडाशी एक-दोन घमेली शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी, पाणी द्यावे, आणि जूनपर्यंत झुडूप भरगच्च होते. पुढे हंगामभर शेंगा धरू लागताच त्या खुडत राहिल्यास झाडाची शक्ती बियांत खर्च न होता नव्या फुलोऱ्यांकडे वळते. पिठ्या ढेकूण दिसल्यास प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि त्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. लहान पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पानांवर आढळल्या तर त्यांना राहू द्यावे. झुडूप तेवढी पाने सहज देऊ शकते.

आवारात आधीच गुलमोहर असल्यास

वाढलेला गुलमोहर भीतीपोटी शेंड्यापासून छाटून टाकण्याची पद्धत फार नुकसान करते. अशा कापानंतर येणाऱ्या सरळसोट फांद्या केवळ सालीच्या आधाराने चिकटलेल्या असतात आणि मूळ फांद्यांपेक्षा लवकर मोडतात. झाडाचे रूप जाते आणि धोका वाढतो. त्याऐवजी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि घरावर झुकलेल्या फांद्या जाणकाराकडून पावसाळ्यापूर्वी काढून घ्याव्यात. बुडाशी टणक, कंसासारखी बुरशी उगवलेली असेल, खोड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा एका बाजूची जमीन उचललेली दिसत असेल तर विलंब न करता तपासणी करून घ्यावी. खोडाभोवती किमान दीड मीटर जमीन मोकळी ठेवावी आणि तेथे ओतलेले काँक्रीट काढून टाकावे. नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्याने खासगी आवारातील झाड तोडण्यासाठी किंवा मोठ्या फांद्या कापण्यासाठीही स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नवा गुलमोहर लावतानाही हे ध्यानात असावे.

परदेशी झाडे नकोत असे ज्यांना वाटते त्यांचे म्हणणेही मला रास्त वाटते. त्यांच्यासाठी मोठ्या जागेत पळस किंवा बहावा आणि झुडपांत धायटी हे उत्तम पर्याय आहेत. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर तितक्याच ओढीने येतात.

जागा खरोखर मोठी असेल तर गुलमोहर आणि शंकासूर एकत्र लावण्यास काहीच हरकत नाही, फक्त त्यांची मांडणी विचारपूर्वक करावी. गुलमोहर भूखंडाच्या पश्चिमेकडे, घरापासून दहा मीटर दूर ठेवावा, आणि शंकासुराची रांग त्याच्या भावी घेराबाहेर, दक्षिण किंवा पूर्व बाजूच्या उघड्या उन्हात असावी. शंकासूर गुलमोहराखाली लावल्यास पहिली काही वर्षे तो फुलतो आणि झाडाचा घेर त्याच्यावर आला की फुलणे थांबवतो. अंतर योग्य ठेवले तर एप्रिलमध्ये गुलमोहराने सुरू केलेला बहर जूनमध्ये शंकासूर हाती घेतो आणि थंडी पडेपर्यंत टिकवतो. हंगामाच्या शेवटी शंकासुराच्या मोजक्या शेंगा झाडावर राखाव्यात आणि त्या तपकिरी होताच, उकलून बिया दूरवर फेकल्या जाण्याआधी, कागदी पिशवीत उतरवून घ्याव्यात. कोरड्या जागी ठेवलेल्या या बिया पुढच्या फेब्रुवारीत पेरायला आणि शेजाऱ्यांना द्यायला उपयोगी पडतात.